दावं ठेवून विकलेली गाडी

आमच्या आप्पानं मरतानासुद्धा माझं ऐकलं नाही. श्रावण संपत आला होता, मी मुरबाडला घरी डाळ निवडत बसले होते आणि दुपारी वहिनींचा फोन आला. "वन्स, हे जेवून ओटीवर पडले ते उठंनात. हाक मारली, हलवलं... तुमी या." छत्तीस वर्षं नर्स म्हणून खेडोपाडी हिंडलेली मी बाई, अशा आवाजाचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. तरीही किन्हवलीकडे जाणाऱ्या एसटीत बसल्यावर मी रस्ताभर त्याच्यावर चिडलेलेच होते. दोनच दिवसांपूर्वी तर मी तिथे जाऊन आले होते. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली त्यानं चुलीजवळच्या फळीवर ठेवली होती, त्यावरून आमचं भांडण झालं होतं. मी म्हणाले, "आप्पा, हे औषध थंडाव्याला ठेवायचं असतं, किती वेळा सांगू?" तो म्हणाला, "किती येळा सांगितलंस ते तूच मोज. मना नाय मोजता येत." हे आमचं शेवटचं बोलणं.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे म्हणतात, भाग्यवान माणूस, झोपेत गेला, देवमाणूस होता. मी मान हलवते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे मलाही मान्य आहे, पण मग आमच्या आप्पाबद्दल बोलायचं तरी काय? चांगला तो होताच. पण त्याआधी तो हट्टी होता, ऐकून न ऐकल्यासारखं करणारा होता, आणि माझ्या नाकी नऊ आणायला त्याला कुठलंही निमित्त पुरत असे. मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण जन्मभर मीच त्याच्यामागे ओरडत फिरले.

आमचे बाबा बैलांचा व्यापार करत. पौषात म्हसा गावच्या जत्रेत त्यांचा मुक्काम पडे आणि आम्ही दोघं शाळा बुडवून त्यांच्या राहुटीत. बाबांचे व्यापाराचे दोन नियम होते. बैल विकताना त्याची खोड आधी सांगायची. मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. गिऱ्हाईक परत गेलं तरी बेहत्तर. आणि दुसरा नियम, जनावर द्यायचं पण त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं येताना आपलं दावं आणायचं. व्यवहार ठरला की बाबा बैलाच्या गळ्यातला दोर सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकत आणि मागे न बघता चालू लागत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते असं आमच्याकडे मानतात. गोठ्यातल्या खुंटीला अशी पाच-सहा दावी लटकत असायची, बैल कुठल्या कुठे गेलेले. आप्पा मात्र बैलांच्या धंद्यात पडला नाही. तो भातसानगरला धरणावर लागला, दरवाज्यांच्या यंत्रांना तेल-वंगण करायच्या कामावर, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. गाव ते धरण रोजची ये-जा मोटरसायकलवर. बैलाचं जे जे करायचं ते सगळं त्यानं त्या गाडीचं केलं. थंडी पडली की तिच्या अंगावर गोणपाट टाकायचा. वहिनी म्हणायच्या, "माज्या अंगावर कधी टाकलं काय हो?"

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी किन्हवलीला डोळे तपासणीचं शिबिर होतं. मीच त्याला ओढत नेलं. काचबिंदू निघाला. मोठा लबाड आजार आहे हा. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, फक्त कडा हळूहळू चोरीला जातात. आप्पाची डावी बाजू गेली होती. ताटात डावीकडे वाढलेली चटणी त्याला दिसायची नाही आणि अर्धं जेवण झाल्यावर तो वहिनींना विचारायचा, "आज चटनी नाय केली काय?" डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजोबा, आता गाडी बंद. मी शेजारी उभी होते, माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं. घरी येऊन आप्पानं वहिनींना सांगितलं, "डाक्टर बोलला, रातची गाडी बंद." मी कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून मी हात वर करायचे आणि विचारायचे, सांग, किती बोटं? तर म्हणायचा, "बोटं कशाला दाखवतेस गो? तोंडानं सांग, मना कानानं आयकू येतं."

वहिनींनी किल्ली लपवली, तर त्यानं शहापुरातून दुसरी करून आणली. वहिनींनी बोलणं टाकलं, तर त्याला तेवढीच शांतता मिळाली. शेवटी एक दिवस, भात झोडून कणगीत गेल्यावर, तोच म्हणाला, "मी गाडी सोडतो. पन एक डाव परदेशात जाऊन येतो. आयुष्यभर दरवाजं उघडून पानी सोडलं. ते पार मुंबयला गेलं, मी कुठं नाय गेलो." परदेश म्हणजे त्यानं नेपाळ शोधून काढला होता, कारण तिथे पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्डावर जाता येतं, आणि तिथून हिमालय दिसतो. दुबईला जाऊन आलेल्या भावकीतल्या एकाला त्यानं हे सांगितलं तेव्हा तो हसला. आप्पा त्याला म्हणाला, "तू गेलास तो इमानात बसून. त्यात तुजं काय?"

वहिनींनी दोन अटी घातल्या. पहिली, गाडी पुन्हा या दारात दिसायची नाही. तिकडची फेरी झाली की तिकडच्या तिकडे कुणाला तरी देऊन टाकायची आणि आगगाडीनं घरी यायचं. आणि दुसरी, "वन्स मागं बसतील. डावीकडचं त्या बगतील." मला कुणी विचारलंच नाही! नर्स म्हणून मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. एक बाजू आंधळी असलेल्या माणसाच्या मागे बसून दीड-पावणेदोन हजार किलोमीटर जाणं हा शुद्ध मूर्खपणा होता, आणि दुसऱ्या कुणी केला असता तर मीच त्याला दवाखान्यात उभं करून झाडलं असतं. पण मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, आणि बदल्या सोडल्या तर मी कल्याणच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

मार्गशीर्षात निघालो. त्या प्रवासात आप्पानं मला किती छळलं हे लिहायला लागले तर पेपरची अख्खी पुरवणी पुरायची नाही. नेपाळात भात मिळेल न मिळेल म्हणून त्यानं घरच्या तांदळाची पिशवी टाकीवर बांधली होती, आणि ती उत्तर प्रदेशात फुटून आमच्यामागे दोन मैल तांदूळ सांडत गेला. रस्ता कुणाला विचारायचा नाही, ही त्याची शपथ. मी नवाच पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, तर पहिल्याच दिवशी कसाऱ्याच्या घाटात म्हणतो, "तू कोन हायेस तेच कळत नाय मागं, आरशात बगून घाबरायला झालं." उजव्या आरशात त्याला मी दिसायचे. डावीकडे काही आलं की मी त्याच्या डाव्या खांद्यावर बोटं आपटायची असं ठरलं होतं. माणूस असेल तर एकदा, वाहन असेल तर दोनदा. नाशिकच्या पुढे त्याचा खांदा सुजला. "ढोल हाय काय माजा खांदा?" म्हणाला. पण प्रत्येक खुणेला तो उजवीकडे सरायचा, हे मला कबूल केलं पाहिजे. नऊ दिवस लागले सीमेपर्यंत. तिथे गाडीच्या परवानगीचा कागद करून घेताना आप्पानं खिशातून कंगवा काढून भांग पाडला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "परदेश हाय गो."

आम्हाला जायचं होतं त्या पोखरा गावाच्या वाटेवर घाट लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक वळण संपलं आणि उजव्या हाताला अचानक तो दिसला. हिमालय. मी माहुली पाहिली आहे, माळशेज पाहिला आहे, डोंगर मला नवीन नाही. पण ते आभाळात, ढगांच्याही वर, एवढं पांढरं... मला वाटलं मला काहीतरी झालंय, चक्कर येतेय. माझी मान तिकडे वळली ती वळलीच. किती वेळ ते सांगता येणार नाही. असेल अर्धं मिनिट. तेवढ्यात गाडीला डावीकडून हिसका बसला आणि मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

रस्त्याच्या डाव्या कडेनं एक म्हातारी गवताचा भारा पाठीवर घेऊन चालली होती. गाडीच्या हँडलला भारा अडकला, तिचा तोल गेला आणि ती बसली. आप्पा पन्नास पावलं पुढे जाऊन थांबला. "काय झालं गो?" मी उतरून मागे पळाले. म्हातारीचं कोपर खरचटलं होतं, बाकी हाडाबिडाला काही नाही, मी दोनदा दाबून बघितलं. माझ्या पिशवीत मलमपट्टीचं सामान होतंच. ती बिचारी हसत होती, मलाच धीर देत होती. पुढे दोन हातांवर दरी होती. ती कडेला न पडता आतल्या अंगाला पडली ती तिच्या नशिबानं, माझ्या पुण्याईनं नव्हे. मी गवत गोळा करून भारा पुन्हा बांधून दिला. गाडीपाशी परत आले तेव्हा आप्पा सीटवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "काय झालं?" मी म्हणाले, "म्हातारी पाय घसरून पडली होती. तिला पट्टी बांधून आले." तो म्हणाला, "बरं." आणि पुन्हा किक मारली.

मी खोटं का बोलले हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. त्याला सांगितलं असतं की तुझ्या गाडीनं बाई पडली, तर तो माणूस कोसळला असता. त्याच्या हातून आयुष्यात मुंगीसुद्धा चिरडली गेली नव्हती, निदान त्याचा तरी तसा समज होता. आणि सांगताना हेही सांगावं लागलं असतं, की माझं काम डावीकडे बघायचं होतं आणि मी उजवीकडे बघत होते. मी मूग गिळून बसले. पोखऱ्यात दोन दिवस तळ्याकाठी बसून आम्ही तोच डोंगर पाहिला, आणि मला तो धड दिसला नाही. मी मनातल्या मनात फक्त पाठांतर करत होते, की सीमेवर परत गेल्यावर आप्पानं गाडी विकायला का-कू केली तर काय काय बोलायचं. यावेळी मी ऐकणार नव्हते. पाय धरावे लागले तरी चालतील, पण गाडी सोडवायचीच.

आणि सीमा ओलांडून भारतात पाऊल टाकल्याबरोबर आप्पा म्हणाला, "चल, इकू." मी तयार केलेलं सगळं भाषण तोंडातच राहिलं. पण थांबा, इतकं सरळ काही करेल तर तो आप्पा कसला? त्यानं त्या गावात तीन दिवस काढले. गाडी काय, कुणीही घेतली असती. पहिला आला तो भंगारवाला. आप्पानं त्याला बाबा कसायाला हाकलत तसं हाकललं. दुसरा एक तरुण होता, त्यानं गाडीला नुसती लाथ मारून स्टँड काढला म्हणून नापास. तिसऱ्याला विचारलं, गाडी रात्री कुठे बांधणार? मी म्हटलं, आप्पा, गाडी बांधत नाहीत, लावतात. तर मला म्हणतो, "तू मधी बोलू नको, तुला धंदा कळत नाय." तिसऱ्या दिवशी रामसुमेर नावाचा दूधवाला आला. चाळिशीचा, शांत. आल्या आल्या त्यानं गाडीच्या टाकीवर हात फिरवला. आप्पानं लगेच खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबायला लागला. आमच्याकडे बैलबाजारात भाव असाच ठरतो, चारचौघांत तोंडानं बोलत नाहीत. रामसुमेर घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हिंदीत समजावलं, भैया, घाबरू नका, वेडा नाही, आमच्याकडचा आहे. मग ते दोघं चहाच्या टपरीवर जाऊन बसले, आणि मी वैतागून जीपमध्ये बसून पुढच्या गावी स्टेशनवर तिकिटं काढायला गेले. परत आले तर व्यवहार ठरलेला, कागदांवर सह्या झालेल्या. (त्या कागदांनी पुढे सहा महिने आरटीओत माझा जो जीव खाल्ला, ते वेगळंच.)

आता निघायचं, तर रामसुमेर म्हणाला, "भैया, चाबी?" आप्पा म्हणाला, "चाबी नहीं मिलेंगा. हमारे में देते नहीं." मला आधी वाटलं गंमत करतोय. पण त्यानं किल्ली गाडीतून काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली होती आणि वर हात ठेवला होता. "जनावर दिया, दावं नहीं देंगे. तुम तुम्हारा दावं लाव." रामसुमेरला काही कळेना. पाच माणसं जमली, मग पंधरा. कुणीतरी म्हणालं, फसवणूक आहे, गाडी चोरीची असेल. कुणीतरी पोलिसाला बोलवायला निघालं. आमच्या आगगाडीला दोन तास उरले होते आणि साठीकडे झुकलेली मी बाई परक्या मुलखात भर बाजारात ओरडत होते, "आप्पा, ती गाडी आहे! किल्लीशिवाय तो ती ढकलत नेणार आहे काय घरी?" तर म्हणतो कसा, "मंग त्यानं आपली आनायला नको? बाबांनी कधी दिलं काय दावं?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घरासाठीच म्हटलं असावं. शेवटी मी किल्ली बनवणारा शोधून आणला. रस्त्यावर बसून त्यानं कानस चालवून दुसरी किल्ली घासली, ती लागेपर्यंत तीनदा पुन्हा घासली, आणि आप्पा शेजारी उकिडवा बसून त्याला सूचना देत होता. नवी किल्ली रामसुमेरच्या हातात पडली, गाडी सुरू झाली. आप्पानं तिच्या सीटवर एकदा थाप मारली आणि चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. मीच बघितलं.

घरी आल्यावर त्यानं ती किल्ली गोठ्यातल्या खुंटीला, बाबांच्या दाव्यांशेजारी अडकवली, आणि गावभर सांगत सुटला, "हिनं माजी गाडी इकली." पारावर, देवळात, लग्नाच्या मांडवात, जिथे मी दिसेन तिथे. "आमची ही नर्सबाय. हिनं माजं पाय तोडलं." लोक हसायचे. मी हसायचे नाही. अट वहिनींची होती आणि 'चल, इकू' तोच म्हणाला होता, पण गाडी सोडवायचीच असं मीही मनात ठरवलं होतं, म्हणून उलट बोलता यायचं नाही. मी पावणेदोन वर्षं ते ऐकून घेतलं. एसटीची वाट बघत तो किन्हवलीच्या थांब्यावर बसलेला दिसायचा, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही. तो झपाट्यानं थकला. कुठे जायचं असलं तरी म्हणायचा, "र्‍हाऊ दे, कशाला." गाडी होती तोवर तो म्हातारा नव्हता, हे मला दिसत होतं, आणि ती माझ्यामुळे गेली असं तो म्हणत होता, आणि का गेली हे मला त्याला सांगता येत नव्हतं. कितीदा तोंडापर्यंत आलं, की आप्पा, तू एका बाईला पाडलं होतंस म्हणून, समजलं? पण नाही बोलले. त्याऐवजी थेंबांवरून भांडायचे, पथ्यावरून भांडायचे. वड्याचं तेल वांग्यावर. तो गेला तेव्हा मला वाटलं, संपलं, आता हा मनात माझ्याबद्दल ती अढी घेऊनच गेला. चितेकडे बघताना मी दुसरा काही विचार केल्याचं मला आठवत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अजून वहिनींकडेच होते. सकाळी आप्पाचा फोन वाजला. तो अजून कुणी बंद केला नव्हता. पलीकडे रामसुमेर. "भैया प्रणाम," म्हणाला. मी त्याला सांगितलं, भैया गेले. मग म्हणाला, आप दीदी हैं ना, पीछे बैठनेवाली? मी म्हटलं, हो. बोलता बोलता त्यानं सांगितलं की भैयांशी त्याचं दर महिन्याला बोलणं असे. मला नवलच वाटलं, कारण आम्हाला कुणाला त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि मग तो सहज, मला माहीतच असेल अशा समजुतीनं म्हणाला, "हमने तो उसी दिन पूछा था, इतनी अच्छी गाड़ी क्यों बेच रहे हैं, क्या ऐब है इसमें? भैया बोले, गाड़ी में खोड नहीं, मेरे में है."

बाकीचं मी त्याच्याकडून विचारून विचारून काढून घेतलं. टपरीवर चहा पिताना आप्पानं त्याला सगळं सांगितलं होतं. डाव्या बाजूचं आपल्याला दिसत नाही. घाटात हँडलला हिसका बसला तेव्हाच आपल्या हातून एक म्हातारी पडली हे कळलं. बहीण मागे होती, पण ती डोंगर बघत होती. उजव्या आरशात तिचं तोंड दिसत होतं, तोंड उघडं टाकून बघत होती, लहानपणी जत्रेत पाळणा बघायची तशी. तिनं येऊन सांगितलं की म्हातारी आपली आपण पडली. तिला वाटतं मला कळलं नाही. कळलंय म्हटलं तर ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. म्हणून तुम्हीही तिच्यासमोर बोलू नका. रामसुमेर म्हणाला, "भैया बोले, घर जाके मैं उसी का नाम लगाऊँगा, कि उसने बिकवाई. गुस्सा करेगी, लेकिन गुस्से में ठीक रहेगी."

काय म्हणायचं या माणसाला? पावणेदोन वर्षं! पारावर, देवळात, मांडवात माझ्या नावानं खडे फोडले, ते यासाठी? आणि मी, जी सबंध तालुक्याची नाडी बघून आजार ओळखायची, मला माझ्या भावाचं ढोंग ओळखता आलं नाही. मला इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याला खरोखर मारलं असतं. आणि तो समोर नव्हता... मी रडले हे लिहायला मला लाज वाटत नाही. तो गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

मला वाटलं रामसुमेरनं फोन ठेवला असेल. पण तो होता. हळूच म्हणाला, "दीदी, आवाज सुनेंगी? भैया हर महीने सुनते थे." दर महिन्याला तो गाडीपाशी फोन धरायचा आणि आप्पा गोठ्यात बसून ऐकायचा, काही तरी खोट काढायचा, अमुक सैल झालंय, तमुक आवळ. मी हो म्हणायच्या आधीच किक मारल्याचा आवाज आला. दोनदा फुकट गेली, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. मी फोनचा आवाज मोठा केला. आतून वहिनी भाकरी थापता थापता उठून आल्या, हाताला पीठ तसंच. इतकी वर्षं तो आवाज वळणावर आला की त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांना रडत, चिडत, जमेल तसं सगळं सांगितलं, म्हातारीचं, आरशाचं, टपरीचं. म्हटलं, "वहिनी, त्या परक्या दूधवाल्याला सांगितलं, मग मला सांगायला याच्या जिभेला काय झालं होतं?"

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. म्हणाल्या, "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी परत कधी वर मान करून डोंगर बगितला असता काय?"

आणि तव्यावरची भाकरी करपत होती म्हणून त्या आत गेल्या. पलीकडे रामसुमेरनं गाडी चालूच ठेवली होती. त्याचं पेट्रोल जळत होतं, दुधाची वेळ टळत होती, मला सगळं कळत होतं. आयुष्यभर त्या गाडीला बंद कर, बंद कर म्हणत आलेली मी, पण मला ते म्हणवेना. मी फोन कानाशी धरून ओटीवर बसून राहिले.